डिग्री-डेचं कूळ

मेळघाटातल्या सेमाडोहचं पर्यटन संकुल सिपना नदीच्या काठी, चिखलदऱ्याची विश्रामगृहं हजार मीटरच्या वर. तालुका एकच. दोन्हीकडची लाईटबिलं ताडून पाहायची सोपी रीत म्हणजे वर्षाचे युनिट भागिले चौरस मीटर. 2009 पासून बीईई, म्हणजे केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, कचेऱ्यांना तारे देते ती याच भागाकारावर. त्यात हवामानाचे पट्टे आहेत, पण मोजकेच. घाट चढला की मे महिना बदलतो, हे पट्ट्याला कसं कळावं?

त्यावर उतारा डिग्री-डेचा. समजा, मेमधल्या एका दिवसाचं सरासरी तापमान खाली 35 अंश आणि वर 29. पाया 24 धरला, म्हणजे त्याच्या वरचेच अंश मोजले, तर त्या दिवसाचे डिग्री-डे खालच्या खात्यात 11, वरच्या खात्यात 5. महिन्याची बेरीज आणि महिन्याचे युनिट आलेखावर समोरासमोर मांडले की दिवे-पंप-गीझरचा बारमाही खर्च वेगळा पडतो आणि उन्हाचा वेगळा.

ही रीत वातानुकूलनवाल्यांची असेल असं वाटतं. नाही, ती शेतातून आली! 1878 मध्ये सर रिचर्ड स्ट्रॅची यांनी पिकाच्या वाढीचा हंगाम मोजायला 42 फॅरनहाइटचा पाया धरून ती मांडली. पुढे घरं तापवणाऱ्यांनी ती उचलली. अमेरिकेत पाया 65 फॅरनहाइट झाला, इंग्लंडात 15.5 सेल्सियस.

फ्रेंच पक्ष म्हणतो, मान त्यांच्या शास्त्रज्ञ रेओम्यूरचा. त्याने 1735 मध्येच पीक पिकेपर्यंतच्या तापमानांची बेरीज केली होती. मला हे पटत नाही. बेरीज कुणीही करील. ज्याच्या खाली ऊब जमेस धरायची नाही असा पाया ठरवणं, हे खरं डोकं. आणि हे डोकं हिशेबनिसाचं होतं. लेखक लिटन स्ट्रॅचीचे हे वडील 1860 च्या दशकात हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव होते. खात्याचे हिशेब त्यांनी मार्गी लावले, वनप्रशासनही त्यांच्याच कारभारात वाढलं. मेळघाटचं जंगल राखीव झालं तेही त्याच दशकात, 1866 मध्ये. जमाखर्च घोटलेल्या माणसालाच उन्हाचं खातं उघडायचं सुचलं, असा माझा तर्क. तो मी सोडणार नाही.

गंमत अशी की स्ट्रॅचींचा 42 चा पाया म्हणजे साडेपाच अंश सेल्सियस. वऱ्हाडात तो लावला तर जवळजवळ सगळं वर्षच हंगाम ठरेल.

आणि आपल्याकडे मधे येतो कूलर. मेच्या कोरड्या झळांत गवत भिजवलं की तो थोड्या विजेत खोली गार करतो, म्हणजे डिग्री-डे भरपूर आणि युनिट कमी. पावसाळ्याच्या तोंडाशी तापमान उतरतं, डिग्री-डे घटतात, पण दमट हवेत कूलर नुसता घोंघावतो आणि ज्याच्याकडे एसी आहे तो एसी लावतो. स्ट्रॅचींच्या खात्यात दमटपणाला रकानाच नाही. वऱ्हाडातल्या इमारती ताडायच्या तर तो आधी आखावा लागेल.