यात नवीन काय? स्कोप लेन्सची आणि पेटंट तपासणीची गोष्ट

पेट पास झाली, गाईड मिळाले, सिनॉप्सिस लिहून झाला, की एक प्रश्न तुमची वाट बघत असतो: "यात नवीन काय?" माझ्या पहिल्या सादरीकरणात समितीतल्या एका मॅडमनी तो विचारला. सिनेमाच्या यंत्रसामग्रीच्या इतिहासावर मी दहा मिनिटं बोलले आणि त्या दहा मिनिटांत उत्तर कुठेच नव्हतं. शेवटी म्हणाले, "मॅडम, विषय नवीन आहे." त्या शांतपणे म्हणाल्या, "विषय असेल नवीन. तुमचा दावा काय आहे?"

सिनॉप्सिस परत आला. 'दावा' हा शब्द मात्र डोक्यात राहिला. पुढे पेटंटची कागदपत्रं वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं, की तिथेही सगळा खेळ याच शब्दाचा आहे. म्हणून आज एका लेन्सची गोष्ट सांगते. प्रोजेक्टरवर चढवायची आणि काम झालं की काढून ठेवायची लेन्स. तुमचा सिनॉप्सिस कुठल्याही विषयावरचा असो, ही गोष्ट तुमच्या कामाची आहे.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या थिएटरात कधी कधी सिनेमा सुरू व्हायचा आणि पडद्यावरची माणसं बांबूसारखी लांबुडकी दिसायची. मग शिट्ट्या, आरडाओरडा. वर केबिनमध्ये ऑपरेटरची धावपळ व्हायची, काहीतरी खटखट वाजायचं आणि माणसं एकदम माणसांसारखी दिसायला लागायची. जाहिराती साध्या लेन्सवर चालायच्या आणि मुख्य सिनेमा 'स्कोप' असायचा. स्कोपची लेन्स चढवायला ऑपरेटर विसरला की हा गोंधळ.

यामागचं तत्त्व सोपं आहे. फिल्मची पट्टी ३५ मिलिमीटरची, चौकट जवळपास चौकोनी. तिच्यात रुंद दृश्य बसवायचं कसं? शूटिंग करताना कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे असं भिंग लावायचं, की दृश्य फक्त आडवं दाबलं जाईल. उंची तशीच, रुंदी निम्मी. दाखवताना प्रोजेक्टरवर तसंच भिंग उलट कामासाठी लावायचं, म्हणजे निम्मी झालेली रुंदी पुन्हा दुप्पट होते. हे काम बहुधा दंडगोलाकार भिंगं करतात. साधं गोल भिंग चित्र सगळीकडून सारखं मोठं करतं, दंडगोलाकार भिंग एकाच दिशेने. या प्रकाराला ॲनामॉर्फिक म्हणतात.

आता प्रश्न असा, की हे शोधलं कुणी? माझ्या वहीत मी झोकात लिहून ठेवलं होतं, "१९५३: सिनेमास्कोपचा शोध." ही नोंद चुकीची आहे. का ते बघू.

न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरात १६ सप्टेंबर १९५३ ला 'द रोब' झळकला. सिनेमास्कोपमधला हा पहिला चित्रपट. पण त्यामागची भिंगं फ्रान्समधून आली होती आणि ती बरीच जुनी होती. ती होती आँरी क्रेतियँ यांची. क्रेतियँ मूळचे खगोलशास्त्रज्ञ. खगोलशास्त्राचे विद्यार्थी त्यांना रिची-क्रेतियँ दुर्बिणीमुळे ओळखतात. त्यांनी १९२० च्या दशकातच 'हायपरगोनार' नावाची ही जोडणी तयार केली होती. तरुण दिग्दर्शक क्लोद ओतां-लारा यांनी जॅक लंडनच्या कथेवर ती वापरून एक छोटा चित्रपटही केला आणि तो १९३० मध्ये पॅरिसमध्ये दाखवला गेला. पण तोवर सगळ्यांचं लक्ष बोलपटाकडे गेलं होतं. थिएटरमालक आवाजाच्या यंत्रणेवर पैसे घालत होते, रुंद पडद्यासाठी कुणाच्या खिशात काही उरलं नव्हतं. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात क्रेतियँ यांच्या भिंगांनी भव्य रुंद चित्रं दाखवली. लोकांनी ती पाहिली आणि विषय तिथेच थांबला.

मग शोध क्रेतियँ यांचा म्हणायचा का? आणखी मागे चला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी येना इथल्या झाइस कारखान्यात दंडगोलाकार भिंगांच्या अशा रचनांवर काम झालेलं होतं. पॉल रुडॉल्फ हे नाव तिथे भेटतं. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी लोलकांच्या साहाय्याने प्रतिमा एकाच दिशेने ताणण्याबद्दल लिहून ठेवलं होतं. म्हणजे 'चित्र एका दिशेने दाबता-ताणता येतं' ही कल्पना सिनेमापेक्षाही जुनी!

इथे पेटंट परीक्षकाचं काम समजून घेऊ. पेटंटच्या अर्जाचे दोन मुख्य भाग असतात: वर्णन आणि दावे. वर्णनात वस्तू कशी बनते, कशी चालते ते आकृत्यांसह सांगायचं. दाव्यांत, क्रमांक घालून, एकेका वाक्यात नेमकं काय आपलं आहे ते सांगायचं. कायद्याचं संरक्षण मिळतं ते दाव्यांना. परीक्षक जुनी पेटंटं, पुस्तकं, नियतकालिकं धुंडाळतो. आधीपासून उपलब्ध असलेल्या या सगळ्या ज्ञानाला प्रायर आर्ट म्हणतात. मग तो दोन गोष्टी तपासतो. पहिली, दाव्यातलं सगळं एकाच जुन्या कागदात आधीच आलंय का? आलं असेल तर नावीन्य संपलं. दुसरी गोष्ट जास्त अवघड: तंतोतंत आलेलं नसलं, तरी त्या विषयातल्या साध्या जाणकाराला ते सहज सुचलं असतं का? अमेरिकेत न्यायालयं हे तत्त्व आधीपासून वापरत होती. १९५२ च्या पेटंट कायद्याने ते स्पष्ट शब्दांत कायद्यात आणलं.

आमच्या ऑपरेटरची लेन्स काढता-घालता यायची, हेच तिचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. पण 'काढता-घालता येणं' एवढ्यावर पेटंट मिळेल का? याबाबत अमेरिकेत एक निकाल नेहमी सांगितला जातो आणि गंमत म्हणजे तो लिपस्टिकच्या डबीबद्दल आहे. साल १९६१. अर्जदाराच्या डबीचं टोपण हाताने काढता येत होतं; जुन्या डबीत ते दाबून घट्ट बसवलेलं होतं. बाकी रचना तीच. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: त्या टोकापर्यंत पोहोचायची गरज वाटली, तर टोपण निघेल असं करणं कुणालाही सहज सुचेल. पेटंट नाही. परीक्षकांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत हा निकाल आजही आहे. थोडक्यात, 'एकत्र होतं ते मी सुटं केलं' हे परीक्षकाला पुरत नाही. सुटं केल्यामुळे काही अडचण उभी राहिली आणि ती तुम्ही न सुचण्यासारख्या पद्धतीने सोडवली, तर गोष्ट वेगळी.

आता पुन्हा सिनेमाकडे. १९५२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये सिनेरामा सुरू झाला. तीन प्रोजेक्टर, तीन चित्रं शेजारी शेजारी, अवाढव्य वळणदार पडदा. लोकांनी गर्दी केली. टीव्हीमुळे प्रेक्षक गमावत असलेल्या स्टुडिओंना कळलं, की रुंद पडदा लोकांना घराबाहेर काढतो. पण गावोगावची थिएटरं तीन-तीन केबिन कुठून बांधणार? तेव्हा ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सला जुन्या हायपरगोनारची आठवण झाली. डिसेंबर १९५२ मध्ये फॉक्सचे प्रमुख स्पायरोस स्कूरास फ्रान्सला गेले आणि क्रेतियँ यांच्याशी करार करून आले.

इथे माझी झोप उडवणारा तपशील आला. अमेरिकेत तेव्हा पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चालायचं. क्रेतियँ यांच्या पेटंटची मुदत १९५१ मध्ये संपली होती. म्हणजे फॉक्सने करार केला तेव्हा तत्त्व सगळ्यांसाठी मोकळं झालेलं होतं! मग फॉक्सने घेतलं काय? प्रत्यक्ष भिंगं, ती बनवण्याचं ज्ञान आणि वेळ. सुरुवातीचं शूटिंग क्रेतियँ यांच्या त्या मूळ भिंगांवरच झालं. पुढे रॉचेस्टरच्या बॉश अँड लॉम्बने नवी भिंगं बनवली. आणि फॉक्सने पेटंटसारखी न संपणारी एक गोष्ट हातात ठेवली: 'सिनेमास्कोप' हे नाव. ते ट्रेडमार्क होतं.

पुरावा हवा असेल तर पुढच्या काही वर्षांतली नावं बघा. सुपरस्कोप, टोहोस्कोप, फ्रान्सकोप, डायलिस्कोप, टोटलस्कोप, सोव्हस्कोप. दाबणं-ताणणं सगळीकडे तेच, नाव प्रत्येकाचं वेगळं. तत्त्वाला मालक उरला नव्हता, नावाला होता.

आपल्याकडे गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ मध्ये आला. तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं. मुंबईत चित्रित झालेली ती दाबलेली फ्रेम जिथे जिथे दाखवायची, तिथे प्रोजेक्टरवर ताणणारी लेन्स हवीच होती. आमच्या गावातला खटखट आवाज त्याच साखळीची शेवटची कडी.

मग या सगळ्यात नवीन काही उरलं होतं की नाही? उरलं होतं, पण एका चिंचोळ्या जागेत. कॅमेऱ्यापुढच्या या भिंगांचा एक दोष होता. नट कॅमेऱ्याच्या जवळ आला आणि त्याच्यावर फोकस केला, की दाब दुपटीपेक्षा कमी व्हायचा. प्रोजेक्टर मात्र ठरल्याप्रमाणे दुपटीनेच ताणायचा. परिणाम? क्लोज-अपमध्ये चेहरा फुगलेला. हॉलिवूडमध्ये याला सरळ 'गालगुंड' म्हणायचे! लाखो डॉलरची नायिका आणि पडद्यावर गालगुंड. स्टुडिओंचा किती जळफळाट झाला असेल कल्पना करा.

रॉबर्ट गॉटशॉक यांची पॅनाव्हिजन ही तेव्हा अगदी लहान कंपनी होती. तिचं पहिलं उत्पादन होतं 'सुपर पॅनाटार', प्रोजेक्टरच्या असलेल्या लेन्सपुढे ब्रॅकेटने बसवायची एक चौकोनी पेटी. आत भिंगांऐवजी लोलक होते, ब्रूस्टर यांनी सांगितलेल्या तत्त्वावरचे. ताण कमी-जास्त करता यायचा, त्यामुळे एकाच पेटीवर वेगवेगळ्या प्रकारचे चित्रपट दाखवता यायचे. थिएटरमालकांनी ती उचलून धरली. नंतर कंपनीने मोर्चा कॅमेऱ्याकडे आणि त्या गालगुंडाकडे वळवला. वॉल्टर वॉलिन यांच्या नावावरचं पेटंट बघा: अर्ज ऑगस्ट १९५४, मंजुरी जून १९५९. मधे जवळपास पाच वर्षं. त्यातली युक्ती म्हणजे दोन कमी ताकदीची दंडगोलाकार भिंगं, फोकस बदलला की एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारी. त्यामुळे माणूस जवळ आला तरी चेहऱ्यावरचा दाब तसाच राहतो. दाबणं जुनं, ताणणं जुनं, दंडगोलाकार भिंग जुनं. नवीन होता तो एका नेमक्या दोषावरचा नेमका उपाय. १९६७ नंतर फॉक्सने स्वतःच सिनेमास्कोप सोडला, तेव्हा बाजार पॅनाव्हिजनकडे गेलेला होता.

आता तुमच्या-माझ्या कामाचं.

एक. पेटंट वाचताना शीर्षकावर जाऊ नका. शीर्षक नेहमी ऐसपैस असतं. शेवटी दिलेले दावे वाचा आणि प्रत्येक दाव्यापुढे लिहा: यातलं जुनं काय, नवं काय? हीच सवय शोधनिबंध वाचतानाही लावा.

दोन. 'शोध कधी लागला' हा एक प्रश्न नसतो. कल्पना कधी आली, अर्ज कधी केला, मंजुरी कधी मिळाली, मुदत कधी संपली, बाजारात कधी आलं, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची तारीख वेगळी. माझ्या वहीतली '१९५३' ही बाजाराची तारीख होती, ती मी शोधाची म्हणून लिहिली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही चूक महागात पडते.

तीन. छापलेल्या पेटंटपेक्षा त्यामागची फाईल कधी कधी जास्त बोलते. परीक्षकाने कुठला जुना कागद पुढे केला, अर्जदाराने दावा कुठे आखडता घेतला, हे तिथे दिसतं. भारतीय अर्जांच्या बाबतीत पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या संकेतस्थळावर अनेक परीक्षण अहवाल आणि त्यांची उत्तरं फुकट वाचता येतात. एकदा बसून दोन-तीन वाचा. आक्षेप कसा घ्यावा आणि आक्षेपाला उत्तर कसं द्यावं, याचं त्यापेक्षा चांगलं शिक्षण मला कुठल्या कार्यशाळेत मिळालं नाही.

चार. दावा आखडता घेणं म्हणजे हार नव्हे. 'मी रुंद पडदा शोधला' असं म्हणणाऱ्याला परीक्षक ब्रूस्टरचं पान उघडून दाखवेल. 'जवळ फोकस केल्यावर होणारी सूज मी अशी घालवली' असं म्हणणाऱ्यापुढे त्याला थांबून विचार करावा लागतो.

माझा दुसरा सिनॉप्सिस पहिल्यापेक्षा चार पानांनी लहान झाला. 'सिनेमाच्या यंत्रसामग्रीचा इतिहास' गेला, त्या जागी एक प्रश्न आला: एकपडदा थिएटरांतल्या ऑपरेटरांनी स्कोपची लेन्स हाताळायची विद्या कुणाकडून शिकली? सादरीकरणात मॅडमनी पुन्हा तेच विचारलं, "यात नवीन काय?" या वेळी उत्तर द्यायला मला दहा मिनिटं लागली नाहीत. दोन वाक्यं पुरली. तिसरं बोलायच्या आधीच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला होता.

तुमचा सिनॉप्सिस समोर घ्या आणि तुमची ती दोन वाक्यं आजच कागदावर उतरवून बघा.