स्थानबद्धतेचा हुकूम आणि सदसद्विवेक : अल्जिअर्स, १९५७

इ. स. १९५७ च्या जानेवारीत अल्जिअर्स शहरातील पोलिसी अधिकार जनरल मास्यू यांच्या छत्रीधारी सैन्याकडे सोपविण्यात आले. आदल्या सप्टेंबरात मुक्ति आघाडीने उपाहारगृहांत घडविलेल्या स्फोटांत निरपराध माणसे मेली होती. बाँब कोठे आहे, हे बंदिवानाकडून तत्काळ वदवून घेतलेच पाहिजे, हा सैन्याचा युक्तिवाद होता. आणि छळाचे समर्थन याच युक्तिवादावर उभे होते.

अशा वेळी पोलिसखात्याचे मुलकी प्रमुख होते पॉल तेतजेन. महायुद्धकाळात गेस्टापोने नान्सी येथे त्यांचा छळ केला होता. पुढे दाखाऊच्या छावणीतही त्यांना दिवस काढावे लागले. दि. २४ मार्च १९५७ रोजी त्यांनी मंत्री लाकोस्त यांच्याकडे राजीनामा धाडला. छावण्यांतील कैद्यांच्या अंगावर आपण स्वतः भोगलेल्या यातनांच्याच खुणा आपणांस ओळखू आल्या, हे कारण त्यांनी त्यात दिले. राजीनामा स्वीकारला गेला नाही आणि तेतजेन सप्टेंबरपर्यंत पदावर राहिले.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. सैनिकांनी पकडलेल्या माणसांच्या स्थानबद्धतेच्या हुकुमांवर सही तेतजेन यांचीच होती. त्या सहीने बेकायदा अटकेला कायद्याचे पांघरूण मिळे. परंतु त्याच सहीमुळे पकडलेल्या माणसाची कागदोपत्री नोंदही राही. हुकूम निघाले किती आणि माणसे उरली किती, याचा मेळ घालता ३,०२४ जणांचा पत्ता लागत नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. हे सर्व मृतच, असे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि या आकड्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. तथापि हिशेब मागण्याचा आधार त्या नोंदींनीच दिला.

जनरल बोलार्दिएर यांचा मार्ग निराळा. त्यांनी या पद्धती नाकारून सेनापतिपद सोडले, जाहीर पत्र लिहिले आणि साठ दिवसांची किल्ल्यातील कैद पत्करली. त्यांचे हात निष्कलंक राहिले, तेतजेन यांचे राहिले नाहीत. परंतु एकाच्या नकाराने जे उघडे झाले नसते, ते दुसऱ्याच्या कागदांनी झाले.

मार्च १९६२ च्या सर्वमाफीने न्यायालयाचे दार बंद झाले. मोरीस ओदँ या गणितज्ञाच्या मृत्यूची जबाबदारी फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी २०१८ मध्ये राज्यसंस्थेच्या वतीने मान्य केली. मधल्या एकसष्ट वर्षांत हे प्रकरण विस्मृतीत गेले नाही, याचे श्रेय ज्यांनी नोंद ठेवली आणि ज्यांनी प्रश्न सोडला नाही, त्यांनाच द्यावे लागेल.