रूळ न पडलेली वाट : टोकावडे ते नाणेघाट

रूळ उखडून टाकलेल्या आगगाडीच्या मार्गावरून सायकलीने भ्रमण करण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत आता चांगलाच रूढ झालेला आहे. याचे कारण उघड आहे. इंजिनाला चढ सोसत नाही. म्हणून रेल्वेचा इंजिनिअर टेकडी फोडतो, ओढ्यावर पूल बांधतो, सखल जागी भराव घालतो. आणि पुढे गाडी बंद पडून रूळ निघाले म्हणजे मागे जी खडी-मुरुमाची पट्टी राहते, ती सायकलस्वाराला जणू मुद्दाम त्याच्यासाठीच आखल्यासारखी वाटते. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर शेकडो लहान फाटे बंद झाले. त्यांपैकी ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे १३ मैलांचा मार्ग १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांच्या श्रमाने सायकलवाट म्हणून पुन्हा उभा राहिला.

या प्रकरणाचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी येऊन मिळतो, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअराने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभारली. ती १८९७ साली सुरू झाली. तेथे मिळालेला अनुभव गाठीशी बांधून त्याने इंग्लंडात मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात तशीच अडीच फुटी गाडी आखली. १९०४ साली ती धावू लागली, १९३४ साली बंद पडली आणि १९३७ मध्ये तिच्याच मार्गावर पादचाऱ्यांसाठी वाट खुली झाली. आज तीवरून सायकली जातात. बार्शीच्या रेल्वेची ही इंग्रज धाकटी बहीण अशी लवकर निवृत्त झाली. थोरलीने मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ संसार केला आणि २००८ पर्यंत रुंद रूळ अंगावर घेतले.

आता आपल्या ठाणे जिल्ह्याकडे वळू. मुरबाड तालुक्यातील टोकावडे हे गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. येथे सोडून दिलेली रेल्वे नाही. कारण येथे रेल्वे आलीच नाही. तथापि ती येण्याचे एकदा जवळजवळ ठरत आले होते, आणि ती न आल्यामुळे येथील जो मार्ग ओस पडला तो रेल्वेहून कितीतरी पुरातन होता. सायकलस्वाराने ज्या वाटेचा शोध घ्यावा ती हीच, असे मला वाटते.

हकीकत अशी. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या प्रवर्तकांपुढे सह्याद्री हा मोठाच प्रश्न होता. जॉन चॅपमन हा या योजनेचा प्रमुख पुरस्कर्ता, आणि जॉर्ज क्लार्क हा तिचा आरंभीचा इंजिनिअर. या मंडळींचा प्रथमचा विचार असा की, माळशेजच्या एकाच घाटातून रूळ वर न्यावेत आणि पठारावर पोहोचल्यावर त्यांना फाटे फोडावेत. एकच घाट बांधला म्हणजे खर्च एकदाच करावा लागतो, हा हिशेब कागदावर मोठा आकर्षक होता. मागाहून मुख्य इंजिनिअर म्हणून आलेल्या जेम्स बर्कले याने डोंगराची पुन्हा कसून पाहणी केली आणि माळशेजला फाटा देऊन उत्तरेस थळ व दक्षिणेस बोर असे दोन घाट पत्करले.

त्याने असे का केले असावे, याचा अंदाज आकड्यांवरून येतो. बर्कलेने दोन्ही घाटांत जास्तीत जास्त चढ ३७ फुटांस १ फूट एवढा धरला. कसाऱ्यापर्यंतची जमीन आधीच हळूहळू उंचावत गेलेली असल्यामुळे थळ घाटात खुद्द घाटाची चढण ९७२ फूटच उरली. बोर घाटात ती १,८३१ फूट, आणि तेवढ्यासाठी जवळजवळ १६ मैलांचा मार्ग व २५ बोगदे लागले. टोकावड्याच्या पलीकडे मात्र कोकण अगदी कड्याच्या पायथ्यापर्यंत सपाट धावत जाते आणि तेथे एकाएकी सुमारे दोन हजार फुटांची भिंत उभी राहते. ३७ फुटांस १ फूट या हिशेबाने ती चढावयाची तर कड्याच्या अंगावर १४ मैल घिरट्या घालणे आले. टोकावड्याची जी भूमी सायकलस्वारास इतकी सौम्य वाटते, तिचे सौम्यपणच इंजिनाच्या आड आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८५३ साली ठाणे, १८५४ साली कल्याण, १८५५ साली वासिंद, १८६१ साली कसारा, १८६३ साली बोर घाट आणि १८६५ साली इगतपुरी. बोर घाटात गाडीला उलट दिशेने काढण्यासाठी जे रिव्हर्सिंग स्टेशन होते, ते नव्या मार्गामुळे १९२९ साली निरुपयोगी झाले. सोडलेल्या रेल्वेची वाट या बाजूस पाहावयाचीच असेल तर ती तेथे, खंडाळ्याजवळ. त्या घाटाच्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि पटकीने व अपघातांनी त्यांतील कित्येक परत गेले नाहीत, हे तेथे जाणाराने विसरू नये.

आता टोकावड्याचे काय झाले ते पाहू. येथून पुढे वैशाखरे गाव लागते आणि त्यापलीकडून नाणेघाटाची चढण सुरू होते. हा घाट म्हणजे सातवाहनांच्या काळी कल्याण व सोपारा या बंदरांतून जुन्नरमार्गे पैठणास जाणारी वाट. घाटमाथ्याच्या लेण्यात पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील मोठा लेख आहे. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची, त्यांत दोन अश्वमेधांची, आणि दिलेल्या गाईंची व कार्षापणांची मोजदाद त्यात आहे. भारतीय अंकचिन्हांच्या अभ्यासकांना हा लेख प्रमाण वाटतो तो या आकड्यांमुळे. कर्नल साइक्सने १८२८ च्या सुमारास तो पाहिला, आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्याच्या वाचनास शास्त्रीय पाया दिला. जवळच दगडाचा प्रचंड रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत असत, असे लोक सांगतात. ते खरे असो वा नसो, राणीने एवढा वैभवाचा पाढा जेथे कोरविला ती जागा वर्दळीची होती, यात संशय नाही. वाचावयास कोणी नसेल तेथे एवढे कोण लिहिते?

बैलांच्या पाठीवरून कोकणचे मीठ वर जाई आणि देशावरचे धान्य खाली येई. बैलाला ३७ फुटांस १ फूट असा नियम नसतो. दगडी पायऱ्यांवरूनही तो पाऊल टाकतो. आगगाडीने हा तांडा हरविला तो चढात नव्हे, भाड्यात. कसारा आणि कर्जत येथून माल वर जाऊ लागल्यावर या दोहोंमधील वाटांवर मुक्काम करावयास कारण उरले नाही. पुढे मोटाररस्ता झाला तोही माळशेजने, नाणेघाट बाजूस ठेवून. मुरबाडला आगगाडी यावी ही मागणीही आता जुनी झाली आहे.

येथे एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. रेल्वे मोडली तरी तिची जमीन एका कंपनीच्या किंवा सरकारच्या नावे अखंड पट्टीने उरते. म्हणूनच तिची सायकलवाट होऊ शकते. तांड्याची वाट कोणाच्याच नावे नसते. नाणेघाटातील लेणे संरक्षित स्मारक आहे; परंतु त्या संरक्षणाचा खालच्या भातखाचरांतील गाडीवाटेशी काही संबंध येत नाही. तेथे वाट टिकते ती गावनकाशावरील शिवरस्त्याच्या आणि पाणंदीच्या रूपाने. बांध दरवर्षी वीतभर सरकला की पाणंदीची पाऊलवाट होते आणि पाऊलवाटेचे शेत होते. कायदा अगदीच मुका नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाप्रमाणे शेताकडे जाणारा वहिवाटीचा रस्ता कोणी अडविला तर तहसीलदारापुढे दावा लावता येतो. पण तो सहा महिन्यांच्या आत, आणि ज्याची वहिवाट आहे त्याने. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तांड्याच्या वतीने दावा लावणार कोण? वहिवाट ठेवणे एवढेच आपल्या हाती उरते, आणि त्यासाठी शेतकऱ्याच्या बैलगाडीइतकीच एखाद्या फिरस्त्याची सायकलही कामी येते, असे मी म्हटले तर त्यात छंदाचा पक्षपात आहे असे कृपया समजू नये.

जाणाऱ्याने पावसाळा टाळावा. खाचरे तुडुंब असता वाट आणि बांध यांत भेद राहत नाही. भाताची कापणी झाली म्हणजे चिखल वाळून त्यावर गाडीच्या चाकोऱ्या स्पष्ट उमटतात. सरळगावपासून हमरस्त्यावर मालमोटारींची गर्दी असते, तेव्हा शक्य तेथे मुरुमाचे आडरस्ते धरावेत. त्यासाठी किंचित रुंद, खाचांच्या टायरांची सायकल सोयीची. उभ्या पिकातून चाक घालू नये, आणि वाट विचारावयाची ती गुराख्याला, नकाशाला नव्हे. टोकाव्ड्यापुढे जीवधनचा माथा आणि नाण्याचा अंगठा सारखे समोर दिसत राहतात. वैशाखऱ्याच्या पुढे मुरूम संपतो, झाडी सुरू होते आणि पहिल्या दगडी पायऱ्या लागतात. तेथे सायकल एकतर खांद्यावर घ्यावी लागते किंवा झाडाला टेकवून ठेवावी लागते.