बीं आणि कलम
(पुण्याजवळच्या दोन बागांची कथा)

पिंपळे गुरव हें गांव पवना आणि मुळा या दोन नद्यांच्या बेचक्यांत, सांगवीला लागून वसलें आहे. पवना ओलांडली कीं दापोडी. मुळा ओलांडली कीं औंध, आणि त्याच्या पुढें गणेशखिंड. जेथें एके काळीं मळे होते तेथें आज मजल्यांवर मजले चढले आहेत. तरी शेजारणीकडून जास्वंदीची फांदी मागून आणावी, शेवंतीचे फुटवे वांटून घ्यावे, तुळशीच्या मंजिऱ्या चुरून कुंडींत टाकाव्या, हा जुना व्यवहार सज्जांसज्जांतून अजून चालूं आहे. बीं पेरणें, फांदी लावणें आणि गड्डा फोडणें या तिन्ही कृति दिसावयास साध्या. परंतु त्यांच्या मागें केवढा इतिहास आहे तें पाहावयाचें, तर या दोन नद्या ओलांडल्या म्हणजे पुरे.

प्रथम दापोडी. पेशवाईच्या अखेरीस पेशव्यांच्या कवायती पलटणीचा सेनापति कॅप्टन फोर्ड यानें तेथें मोठा बंगला बांधला होता. पुढें मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं तो सरकारासाठीं घेतला आणि १८२८ सालीं त्याच्या भोंवतीं वनस्पतिउद्यान सुरू केलें. परदेशची झाडें आणून तीं या हवेंत टिकतात कीं नाहीं हें पाहावें, आणि टिकतील त्यांचीं बियाणें व रोपें लोकांस द्यावीं, असा त्या बागेचा उद्देश होता. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे तिचे अधीक्षक होते. जुन्नरजवळ हिवरें येथें त्यांनीं औषधी वनस्पतींची लागवड चालविली आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याच्या जंगलांची देखरेखही केली. त्याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळांत, त्यांनीं एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून दापोडीच्या झाडांचीं रंगीत चित्रें काढून घेतलीं. तीं चित्रें एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानांत सुरक्षित आहेत. चित्रकाराचें नांव मात्र इतिहासानें राखलेलें नाहीं.

त्या काळीं दूरदेशचें झाड मिळविणें सोपें नव्हतें. बीं कागदाच्या पुडींतून समुद्रापार जाई, कंदही जात. परंतु कलम किंवा रोप गलबताच्या फळीवर खाऱ्या वाऱ्यानें करपून जाई. लंडनचे डॉ. वॉर्ड यांनीं कांचेची बंद पेटी योजिली, आणि १८३३ सालीं तिच्यांतून ऑस्ट्रेलियास धाडलेलीं झाडें जिवंत पोंचलीं, तेव्हां ही अडचण बरीचशी सरली. येथें सहजच प्रश्न उभा राहतो. बीं इतक्या सुखानें प्रवास करतें, तर कलमासाठीं एवढा खटाटोप कशाला?

याचें उत्तर निसर्गाच्या एका नियमांत आहे. बीं दोघांचें अपत्य असतें. एका फुलाचा पराग दुसऱ्यावर पडतो, आणि होणारें झाड आईसारखेंच निघेल असा भरंवसा राहत नाहीं. फांदी ही मात्र त्याच झाडाचा भाग होय. गुलाबाची छाट, केळीचा मुनवा, हळदीचा गड्डा यांतून उगवतें तें जुनेंच झाड नव्या जागीं. आंब्याच्या बाबतींत तर हा भेद फार ठळक आहे. आपल्याकडील बहुतेक जातींची कोय लावली तर गोड आंब्याच्या पोटीं आंबट आंबा येतो. म्हणून रायवळ आंब्याचें प्रत्येक झाड निराळें. एखादा आंबा जसाच्या तसा हवा असेल तर त्याची फांदी रोपाला जुळवून कलमच बांधावें लागतें.

आतां गणेशखिंड. दापोडीची बाग १८६५ सालीं बंद झाली. गव्हर्नरांचें निवासस्थानही गणेशखिंडीस गेलें, आणि तेथें १८७३ सालीं नवें उद्यान उभें राहिलें. मार्शल वुड्रो यांनीं तें वाढविलें आणि हिंदुस्थानांतील बागकामावर ग्रंथही लिहिला. याच काळांत, १८८९ सालीं, अमेरिकेच्या शेतकी खात्यानें पुण्याहून आंब्याचीं कलमें मागविलीं. तीं फ्लॉरिडा प्रांतांत लावलीं गेलीं. परंतु त्या नव्या मुलखांत त्यांचा निभाव लागेना. १८९४-९५ च्या हिंवाळ्यांत तेथें भयंकर थंडी पडली. एलब्रिज गेल नांवाच्या वृद्ध प्राध्यापकांच्या बागेंत मुलगोबा जातीचें एकच झाड वांचलें, आणि १८९८ च्या सुमारास त्यास फळ धरलें. सगळा डाव त्या एका कलमावर आला होता.

पुढील गोष्ट बियांची आहे. १९०२ सालीं कॅप्टन हेडन नांवाच्या गृहस्थांनीं मुलगोबाच्या कोया आपल्या आवारांत लावल्या. पुढच्याच वर्षीं ते वारले. झाडें त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनीं सांभाळलीं. १९१० सालीं त्यांतील एका झाडास तांबूस गालाचे, सुंदर आंबे लागले. ते मुलगोबासारखे नव्हते. बियानें आपला धर्म पाळला होता. त्या झाडास हेडन हें नांव मिळालें आणि त्याचीं कलमें देशोदेशीं गेलीं. आज परदेशच्या बाजारांत सर्वत्र दिसणारा टॉमी ॲटकिन्स आंबा याच हेडनच्या वंशांतील होय. पुण्याच्या कलमानें मुलगोबा राखला, कोयीनें हेडन दिला, आणि हेडनला पुन्हां कलमानेंच टिकविलें.

हाच क्रम गणेशखिंडींतही घडला. १९२७ सालीं तेथें डॉ. चीमा यांनीं लखनौहून आणलेल्या बियांपासून पेरूचीं झाडें वाढविलीं. त्यांतील ४९ क्रमांकाचें झाड सर्वांत सरस निघालें. तोच 'लखनौ ४९', ज्यास पुढें सरदार पेरू हें नांव पडलें. त्याचें बीं वांटून भागलें नसतें. दाबाचीं कलमें करूनच तो महाराष्ट्रभर पोंचला. एक झाड शोधण्यास बीं लागलें, आणि तें घरोघर नेण्यास फांदी.

म्हणून घरीं झाडें करणारानें आधीं एवढेंच ठरवावें कीं, आपणांस नवें हवें कीं तेंच हवें. झेंडू, तुळस, मिरची यांचें बीं पेरावें. पिढ्यान् पिढ्या निवडून घेतल्यानें त्यांत फारसा पालट दिसत नाहीं. गुलाबाची पेन्सिलीएवढी जाड, पक्व फांदी घ्यावी, डोळ्याच्या खालीं तिरपा छेद द्यावा, आणि दोन डोळे मातींत जातील अशी ती सावलींत लावावी. डोळ्याजवळच मुळें लवकर फुटतात. शेवंतीचा बहर सरला म्हणजे बुडखा उकरून मुळांसकट फुटवे वेगळे करावे. माती ओली असावी, चिखल नसावा. छाट कुजून जाते ती बहुधा अति पाण्यानें.

पिंपळे गुरवसारख्या गांवांत या ज्ञानाचें महत्त्व आज विशेष आहे. मळ्याच्या बांधावरील एखाद्या जुन्या रायवळ आंब्याखालीं तीन पिढ्या वाढलेल्या असतात. जमीन विकली जाते, झाड तोडण्याचा दिवस ठरतो, आणि घरचीं माणसें आठवण म्हणून त्याच्या कोया जपून ठेवतात. त्या कोयींतून झाड येईल, परंतु तो आंबा येणार नाहीं. कुऱ्हाड पडण्यापूर्वीं त्याच्या चार फांद्या एखाद्या जाणत्या माळ्याकडून रोपांवर बांधून घेतल्या, तर मात्र तोच आंबा दुसऱ्या अंगणांत पुन्हां मोहरेल. दापोडीच्या बागेंतील कित्येक झाडें आज केवळ चित्रांत पाहावयास मिळतात; घरच्या आंब्याचें तसें होऊं नये, एवढी काळजी ज्याची त्यानेंच वेळेवर घ्यावयाची आहे.