स्वस्त ई-रीडर आणि मराठी अक्षर

रोजच्या वाचनासाठी परवडेल असा ई-रीडर कोणता, हा प्रश्न अलीकडे साहित्याचे विद्यार्थी आम्हांला वरचेवर विचारतात. या प्रश्नाचे उत्तर बहुधा किमतीच्या तक्त्यात शोधले जाते. आमच्या मते ते मराठी वाचनसंस्कृतीच्या इतिहासात शोधणे अधिक फलदायी ठरेल. आपल्याकडे वाचन स्वस्त झाले ते दोन गोष्टींमुळे : वाचनाच्या साधनाला आपली लिपी पेलता आली, आणि एकच प्रत अनेकांच्या हाती फिरू शकली. यांपैकी एक जरी उणी असली तरी कमी किमतीचे साधनही अखेर महागच पडते.

प्रथम लिपीचा विचार करू. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले तेव्हा देवनागरी खिळे वापरण्यात आले. १८१० च्या त्याच्या कोशात मात्र मराठी शब्द मोडीत आले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेसला खिळे लागत नसत. हाताने जे लिहिले तेच दगडावरून कागदावर उमटे, आणि म्हणून जोडाक्षरांचा प्रश्नच उद्भवत नसे. खिळ्यांनी छापायचे तर मूळ अक्षरे, काना-मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरे असे शेकडो नग ओतावे लागत. जावजी दादाजींनी आधी अक्षरांचा ओतशाळा-व्यवसाय उभा केला आणि मग १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, हा क्रम अर्थपूर्ण आहे. अक्षर सुघड झाल्यावरच ग्रंथ सुलभ झाला. नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांनी पुढे लिपिशुद्धीची चळवळ केली, तिच्यामागेही खिळ्यांची संख्या घटवून मुद्रण सोपे करण्याचा हेतू होता. लिपीचा भार यंत्राने वाहायचा की यंत्रासाठी लिपीने वाकायचे, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

दुसरी गोष्ट हस्तांतराची. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये स्थापन झाले. ज्याला ग्रंथ विकत घेणे शक्य नव्हते त्याला वर्गणी भरून तो घरी नेता येऊ लागला, आणि एका प्रतीचा खर्च अनेक वाचकांत वाटला गेला. पुढे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने या व्यवस्थेला राज्यभर कायद्याचा आधार मिळाला. याच नाशकात २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या पुढाकाराने कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. पंचवीस पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. पेटी परदेशस्थ मराठी मंडळींपर्यंतही पोहोचली. वाचकाचा खर्च जवळजवळ नाहीच, कारण पुस्तक फिरते.

या पार्श्वभूमीवर ई-रीडरकडे पाहू. त्याचा पडदा मोबाइलसारखा प्रकाश डोळ्यांत सोडत नाही. सूक्ष्म कुप्यांतील काळे-पांढरे भारित कण विजेच्या इशाऱ्यावर वरखाली होतात आणि पान उमटते. उमटल्यावर ते टिकवायला वीज लागत नाही. हे तंत्र विकसित करणारी ई-इंक कंपनी १९९७ मधली. सोनीचे लिब्रिए २००४ मध्ये जपानात आले, ॲमेझॉनचे किंडल नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ३९९ डॉलरला. भारतात २०१० मध्ये इन्फीबीमने ‘पाय’ हा ई-रीडर ९,९९९ रुपयांना आणला. २०१२ मध्ये किंडल येथील दुकानांत ६,९९९ रुपयांना मिळू लागले. किंमत अशी उतरत होती. पण किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांचे दालन उघडले ते डिसेंबर २०१६ मध्ये. यंत्राच्या जन्मापासून नऊ वर्षे मराठी वाचक दाराबाहेरच होता.

या विलंबाची काही कारणे बाजारात होती, काही आपल्याच छापखान्यांत. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. परंतु मराठी प्रकाशनव्यवहार दीर्घकाळ ज्या फाँटांवर चालला त्यांची सांकेतिक व्यवस्था ज्याची त्याची वेगळी होती. फाँट बदलला की मजकुराचा कचरा. छापील पान सुंदर दिसे, पण त्यामागचा मजकूर दुसऱ्या यंत्राला वाचता येत नसे. शिळाप्रेसचीच ही नवी आवृत्ती म्हणावी : पान आहे, अक्षर नाही.

म्हणून ई-रीडर निवडताना पहिली परीक्षा अक्षराची घ्यावी. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना त्याच्या आधी आणावी लागते. हा नियम न जाणणारे यंत्र ‘किती’ लिहिताना पहिल्याच अक्षराला अडखळते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद दिसतो का ते पाहावे. तो न दिसल्यास विद्वान स्वयंपाकघरात जातील. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्येच आले, त्यामुळे जुन्या यंत्रांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची आहेत की हिंदी, हेही पाहावे. पडद्याच्या घनतेकडे दुर्लक्ष करू नये. स्वस्त किंडलची घनता २०२२ पर्यंत इंचाला १६७ बिंदू होती, त्या वर्षी ती ३०० झाली. रोमन अक्षराला १६७ पुरतात. ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘ङ्मय’ यांना अधिक लागतात. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर हा फरक आधी ताडून पाहावा.

दुसरी परीक्षा संग्रहाची. साहित्याच्या विद्यार्थ्याला लागणारे बरेच जुने वाङ्मय प्रतिमारूप पीडीएफमध्ये आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके विनामूल्य खुली केली आहेत, तीही मुख्यतः पीडीएफमध्येच. सहा इंची पडद्याची रुंदी सुमारे नऊ सेंटिमीटर, डेमी आकाराच्या पानाची सुमारे चौदा. म्हणजे अक्षर मुळाच्या दोन तृतीयांशाहून लहान होते, आणि प्रतिमा असल्यामुळे ते वाढवले की ओळ पडद्याबाहेर जाते. असे वाचन रोज होत नाही. उलट ईपबमधला मजकूर पडद्याप्रमाणे ओळी बदलून घेतो. मराठी विकिस्रोतावरील पुस्तके ईपबमध्ये उतरवून घेता येतात. ज्याचे वाचन मुख्यतः पीडीएफवर आहे त्याने लहान ई-रीडर घेऊच नये. मोठा पडदा परवडत नसेल तर वाचनालयाची वर्गणी भरावी.

तिसरी परीक्षा मालकीची, आणि आम्हांला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’ ही विकलेली पुस्तके परस्पर काढून घेतली; विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून घेण्याची सोय त्याच कंपनीने बंद केली. आपण घेतो तो वाचनाचा परवाना असतो, ग्रंथ नव्हे. तो मैत्रिणीला देता येत नाही, रद्दीच्या दुकानात सापडत नाही, पेटीत बसत नाही. तेव्हा बाहेरची ईपब पुस्तके सहज स्वीकारणारा ई-रीडरच खऱ्या अर्थाने परवडणारा, मग तो काहीशे रुपयांनी महाग का असेना.

यातून एक मार्गही दिसतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे त्याचे वाङ्मय सर्वांचे होते; हरि नारायण आपटे १९१९ मध्ये निवर्तले, त्यांच्या कादंबऱ्या केव्हाच खुल्या झाल्या आहेत. अशा लेखकांची शुद्ध युनिकोड ईपब भरलेले दहा ई-रीडर एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने घेऊन पुस्तकाप्रमाणे घरी द्यायला सुरुवात केली, तर विद्यार्थ्याला यंत्र विकत घेण्याची निकडच उरणार नाही. खरे काम ती पुस्तके अक्षरशः टंकून, तपासून तयार करण्याचे आहे, आणि ते मराठीच्या वर्गांतच होऊ शकते. जावजींनी आधी अक्षरे ओतली, मग छापखाना काढला. आपण यंत्राची किंमत आधी विचारतो आहोत.