समोरासमोरचे पिस्टन : इंजिनाचा गुण राहतो कुठे?

इतिहासाबद्दल बोलताना आपण एक वाक्य फार सहज उच्चारतो : 'ते मागे पडलं ना, म्हणजे त्यात काहीतरी कमी असणार.' आज आपण या वाक्याची उलटतपासणी करणार आहोत, आणि साक्षीला एक डिझेल इंजिन बोलावलं आहे. आमचा विषय तत्त्वज्ञान. त्या माणसाने इंजिनात कशाला हात घालावा, असं कुणाच्या मनात आलं असेल तर असू द्या. थोड्या वेळाने बघू.

आधी यंत्र समजून घेऊ. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर म्हणजे एका बाजूने बंद असलेली नळी. आत पिस्टन, आणि बंद बाजूला हेड. गॅस्केट गेलं की गॅरेजवाला जे उतरवतो आणि आपला खिसा रिकामा करतो, तेच हे हेड. आता कल्पना करा, की नळी दोन्ही बाजूंनी उघडी आहे आणि दोन पिस्टन दोन्हीकडून एकमेकांवर चालून येतात. मधल्या मध्ये कोंडलेली हवा दाबली जाऊन इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं आणि दोघेही मागे फेकले जातात. हेडच नाही, व्हॉल्व्हही नाहीत. एका टोकाला हवा आत घ्यायची भोकं, दुसऱ्या टोकाला धूर सोडायची. पिस्टन जाता-येता तीच उघडतात आणि झाकतात. चाळीतल्या खोलीची पुढची-मागची दारं उघडली की वारा आरपार जातो ना, तसं.

फायदे उघड आहेत. हेडमधून जी उष्णता थंड पाण्यात वाया जाते ती इथे वाचते, म्हणजे इंधन वाचतं. आकाराच्या आणि वजनाच्या मानाने ताकद भरपूर. पण फुकट काहीच नसतं. बहुतेक रचनांत दोन क्रँकशाफ्ट लागतात आणि त्यांना जोडणारी गिअरची माळ लागते. धुराच्या बाजूचा पिस्टन सदोदित भाजत असतो. भोकांतून वंगणाचं तेल धुरात जातं.

या कल्पनेचा मोठा पुरस्कर्ता जर्मनीतला ह्युगो युंकर्स. १८९०च्या दशकात डेसाऊला तो गॅसवर चालणाऱ्या अशा इंजिनांवर काम करत होता, आणि १९३०च्या दशकात त्याच्या कंपनीने चक्क विमानासाठी असं डिझेल इंजिन केलं : युमो २०५. सहा सिलिंडर, बारा पिस्टन, सुमारे ६०० अश्वशक्ती. खुद्द युंकर्सच्या हातून नाझींनी १९३३ मध्ये कंपनी काढून घेतली, आणि १९३५ मध्ये तो वारला. पुढे काय झालं बघा. डॉर्निअर १८ या समुद्रावर तासन्‌तास एका गतीने उडणाऱ्या विमानात या इंजिनाचं बरं चाललं. युंकर्स ८६ या बॉम्बफेकी विमानात मात्र ते अडचणीचं ठरलं, कारण लढाईत ताकद क्षणात वाढवावी लागते, क्षणात कमी करावी लागते. त्या विमानाला नंतर पेट्रोलचं इंजिन बसवलं गेलं. आता सांगा, युमो चांगलं की वाईट?

याहून बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि तिथे आपण जरा रेंगाळू. फेअरबँक्स-मोर्स कंपनीचं याच जातीचं इंजिन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांत होतं. एका पाणबुडीत चार, प्रत्येक १६०० अश्वशक्तीचं. नौदल त्यावर खूश होतं, इतकं की पुढे अणुशक्तीवरच्या पाणबुड्यांतही आणीबाणीसाठी हेच इंजिन ठेवलं गेलं. युद्ध संपल्यावर कंपनीने ते रेल्वेच्या इंजिनांत घातलं. १९५३ मध्ये २४०० अश्वशक्तीचं 'ट्रेन मास्टर' आणलं. त्या काळात एका इंजिनातून एवढी ताकद म्हणजे मोठीच गोष्ट. आणि रेल्वेवाले वैतागले! पाणबुडीत थंड करायला अख्खा समुद्र असतो, हवेत धूळ नसते, शिकलेला इंजिनिअर चोवीस तास शेजारी उभा असतो. रेल्वेत धूळ, उन्हाळा, सतत बदलता भार. आणि शेडमधल्या मेकॅनिकला सवय जनरल मोटर्सच्या इंजिनाची, जिथे सिलिंडरचा जोड सुटा काढून नवा बसवता येई. इथे लायनर काढायचा म्हटलं की आधी वरचा अख्खा क्रँकशाफ्ट उचला. १९६३ पर्यंत कंपनीचा रेल्वे-इंजिनांचा धंदा आटोपला. मात्र इंजिन तेच होतं.

वैशेषिकांनी गुण द्रव्यात समवायाने राहतो असं सांगितलं, आणि आपण तेवढंच पाठ केलं. पण त्यांच्याच चोवीस गुणांच्या यादीत 'संयोग' आहे. तो एका द्रव्यात राहत नाही, दोघांत मिळून राहतो. इंजिनाची 'चांगली' ही पदवी आम्हाला या जातीची वाटते. ती लोखंडात शोधाल तर सापडायची नाही. लोखंड आणि शेड यांच्या मध्ये कुठेतरी ती आहे.

यावर कुणी म्हणेल, की रेल्वे या इंजिनाला मानवतच नाही एवढंच सिद्ध झालं. तसंही नाही. इंग्लंडमध्ये नेपिअरने 'डेल्टिक' केलं : त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन क्रँकशाफ्ट, अठरा सिलिंडर, छत्तीस पिस्टन. मुळात नौदलाच्या वेगवान बोटींसाठी. पण १९६१-६२ मध्ये याची दोन-दोन इंजिनं बसवलेल्या फक्त २२ गाड्यांनी लंडन-एडिंबरा मार्गावरच्या ५५ वाफेच्या गाड्यांची जागा घेतली, आणि वीस वर्षं धावल्या. फरक एवढाच, की बिघडलेलं इंजिन गाडीत दुरुस्त करत बसायचं नाही, उचलून दुसरं ठेवायचं, हे आधीच ठरलं होतं.

आता घराजवळ येऊ. नाटोने ठरवलं, की रणगाड्याचं इंजिन मिळेल त्या इंधनावर चाललं पाहिजे. त्या धोरणापायी ब्रिटनने चीफटन रणगाड्यासाठी लेलँड एल-६० हे समोरासमोरच्या पिस्टनचं इंजिन घेतलं. ते ठरलेली ताकद देईना आणि लायनरही टिकेनात. पन्नास टनांवरचं धूड त्याला झेपेना. तेच इंजिन आपल्या आवडीच्या कारखान्यात बनणाऱ्या विजयंता रणगाड्यात होतं, म्हणजे चाळीस टनांच्या आसपासच्या गाडीत. पुढे आपण टी-७२ घेतला. त्याचं इंजिन व्ही आकाराचं, बारा सिलिंडरचं, जुन्या वळणाचं. हा टी-७२ सोव्हिएत युनियनमध्ये जन्मला, त्याचं एक कारण म्हणजे खारकीव्हच्या टी-६४ मधलं समोरासमोरच्या पिस्टनचं इंजिन घडवायला आणि सांभाळायला अवघड जात होतं. आणि त्याच खारकीव्हच्या घराण्यातलं ६टीडी इंजिन १९९०च्या दशकात युक्रेनच्या टी-८०यूडी रणगाड्यांतून पाकिस्तानात पोहोचलं. त्यांच्या अल-खालिदमध्येही तेच, १२०० अश्वशक्तीचं. म्हणजे सीमेच्या अलीकडे समोरासमोरचे पिस्टन आधी आले आणि नंतर गेले, पलीकडे ते नंतर येऊन राहिले.

अमेरिकी सैन्यासाठी एकेट्स पॉवर आणि कमिन्स यांनी मिळून पुन्हा असंच इंजिन तयार करायला घेतलं. पुणेकरांना कमिन्स हे नाव कोथरूडमुळे ठाऊक असेलच. चार सिलिंडर, आठ पिस्टन, १००० अश्वशक्ती. ते कुठल्या शेडमध्ये, कुणाच्या हाताखाली जाणार, हे कळल्यावर त्याच्याबद्दल बोलता येईल.

प्रश्न असतील तर आता घेऊ.