शाकाहारी बान्ह मी: व्हिएतनामी सँडविच घरी कसे करावे?

बान्ह मी हे व्हिएतनाममधील रस्त्यावर मिळणारे प्रसिद्ध सँडविच आहे. कडक कवचाचा छोटा लांबट पाव, त्यात चटपटीत सारण, गाजर-मुळ्याचे आंबटगोड लोणचे, काकडी, कोथिंबीर आणि मिरची असे त्याचे साधारण स्वरूप असते. मूळ पदार्थात बहुतेक वेळा डुकराचे मांस आणि यकृताचा पाते असतो. मात्र व्हिएतनाममध्ये त्याचा शाकाहारी प्रकारही रुळलेला आहे. तो कसा तयार होतो, त्यात चव कशामुळे येते आणि आपल्याकडे मिळणाऱ्या साहित्यात तो कसा करता येईल, ते या लेखात पाहू.

नाव आणि इतिहास

व्हिएतनामी भाषेत ‘बान्ह’ हा शब्द पिठापासून केलेल्या अनेक पदार्थांसाठी वापरतात, आणि ‘मी’ म्हणजे गहू. म्हणजे बान्ह मी या नावाचा मूळ अर्थ फक्त ‘गव्हाचा पाव’ असा आहे. व्हिएतनाम हा भात खाणारा देश. तिथे पाव आला तो १९व्या शतकात, फ्रेंच वसाहतीबरोबर. गोव्यात पोर्तुगीजांमुळे पाव आला आणि पुढे तो आपल्या जेवणाचा भाग झाला, तसेच काहीसे तिथे घडले.

सुरुवातीला पाव, लोणी, मांसाचे काप हे पदार्थ फ्रेंच पद्धतीने ताटात वेगवेगळे वाढले जात. १९५४ साली देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेकडील लाखो लोक दक्षिणेत आले. उत्तरेतून आलेल्या एका दांपत्याने सायगॉनमध्ये १९५८ साली ‘होआ मा’ हे दुकान सुरू केले. सारण पावात भरून, हातात धरून खाता येईल असे सँडविच विकणाऱ्या पहिल्या दुकानांत त्याची गणना होते. १९७५ नंतर देश सोडून गेलेल्या व्हिएतनामी लोकांनी हे सँडविच अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियात नेले. २०११ साली ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात या शब्दाची नोंद झाली.

‘चाय’ म्हणजे शाकाहारी

व्हिएतनामीत शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात. तेथील अनेक बौद्ध कुटुंबे चांद्रमासाच्या १ल्या आणि १५व्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मांस-मासे वर्ज्य करतात. त्यामुळे ‘बान्ह मी चाय’ ही परदेशी लोकांसाठी काढलेली तडजोड नाही, ती तिथलीच रीत आहे. त्यात टोफू, मशरूम, गव्हाच्या ग्लुटेनपासून केलेले तुकडे किंवा भाजलेल्या तांदळाची पूड लावलेले टोफूचे काप घालतात.

बौद्ध मठांतील काटेकोर चाय जेवणात कांदा-लसूणही चालत नाही. आपल्याकडे ज्यांच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य आहे, त्यांना ही कृती म्हणूनच परकी वाटू नये.

शाकाहारी व्यक्तींनी कुठे लक्ष द्यावे?

मांसाचे तुकडे काढून टाकले की सँडविच शाकाहारी झाले, असे होत नाही. पुढील तीन गोष्टी सहज नजरेतून सुटतात:

- मत्स्यसॉस: टोफूच्या मसाल्यात किंवा लोणच्यातही मिसळलेला असू शकतो.
- पाते: पावाला आतून लावलेला तपकिरी थर बहुधा यकृताचा असतो.
- मेयोनेज: पारंपरिक प्रकार अंड्याच्या बलकापासून करतात.

घरी करताना या तिन्हींना पर्याय आहेत. मत्स्यसॉसऐवजी सोया सॉस, यकृताऐवजी मशरूम आणि अंड्याऐवजी सोया दूध.

साहित्य (४ सँडविचसाठी)

- पाव: १५ ते २० सेंमी लांबीचे ४ छोटे बगेट. ते न मिळाल्यास इराणी बेकरीतील ब्रून पाव किंवा गोव्यातील उंडे
- लोणचे: गाजर १५० ग्रॅम, पांढरा मुळा १५० ग्रॅम, मीठ १ चमचा, साखर ३ मोठे चमचे, पांढरे व्हिनेगर अर्धा कप, कोमट पाणी अर्धा कप
- टोफू: घट्ट टोफू ३०० ग्रॅम, सोया सॉस २ मोठे चमचे, साखर १ चमचा, मिरपूड अर्धा चमचा, गवती चहाचे २ दांडे, लसूण ३ पाकळ्या, तेल २ मोठे चमचे
- पाते: मशरूम २०० ग्रॅम, भिजवलेले काजू १२, कांदा १ लहान, सोया सॉस १ चमचा, मिरपूड, तेल
- मेयोनेज: बिनसाखरेचे सोया दूध पाव कप, तेल अर्धा कप, लिंबाचा रस १ चमचा, चिमूटभर मीठ
- वरून: १ काकडी, कोथिंबिरीच्या काड्या, २ ते ३ हिरव्या मिरच्या

कृती

१. लोणचे: हे सर्वांत आधी करा, कारण त्याला मुरायला किमान १ तास लागतो. गाजर आणि मुळ्याचे काडेपेटीच्या काडीएवढे जाड, लांब तुकडे करा. त्यांना मीठ लावून २ ते ३ मिनिटे हाताने चोळा. मीठ भाजीतले पाणी बाहेर खेचते, त्यामुळे काड्या लवचिक होतात आणि व्हिनेगर आतपर्यंत शिरते. मुळ्याची काडी वाकवल्यावर न मोडता दोन्ही टोके जुळली, की समजा झाले. मग पाण्याने धुऊन घट्ट पिळा. कोमट पाण्यात साखर विरघळवा, व्हिनेगर घाला आणि त्यात काड्या बुडवून ठेवा.

२. टोफू: टोफू स्वच्छ कापडात गुंडाळून वर वजन ठेवा. २० मिनिटांत बरेच पाणी निघून जाते. ही पायरी गाळली तर मसाला आत मुरत नाही आणि तव्यावर टोफू नीट खरपूस होत नाही. अर्धा सेंमी जाडीचे काप करा. गवती चहाची चहात घालतो ती हिरवी पात इथे नको, बुडाजवळचा पांढरट, कोवळा भाग घ्या आणि अगदी बारीक चिरा. तो लसूण, सोया सॉस, साखर आणि मिरपुडीत मिसळून कापांना लावा. अर्ध्या तासाने तव्यावर तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस भाजा. साखरेमुळे मसाला लवकर करपतो, म्हणून आच मध्यम ठेवा.

३. पाते: कांदा तेलावर परता. मशरूम घालून त्यांना सुटलेले पाणी पूर्ण आटेपर्यंत परतत राहा. साधारण १० मिनिटे लागतात. काजू, सोया सॉस आणि मिरपूड घालून मिक्सरमध्ये घट्टसर वाटा.

४. मेयोनेज: सर्व साहित्य उभ्या भांड्यात घालून हँड ब्लेंडरने घुसळा. मिनिटभरात मिश्रण घट्ट होते. सोया दूध आणि तेल दोन्ही एकाच तापमानाला असावीत.

५. पाव: पावावर पाण्याचा हलका शिपका मारून १८० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये ५ मिनिटे ठेवा. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर उलटसुलट गरम करा. पाव फार भरीव असेल तर आतला थोडा मऊ भाग काढून टाका, म्हणजे सारणाला जागा होते.

६. भरणे: पाव एका बाजूने चिरा, पण दोन भाग वेगळे करू नका. एका आतल्या बाजूला पाते, दुसऱ्या बाजूला मेयोनेज लावा. मग गरम टोफू, काकडीच्या लांब फोडी, पिळून घेतलेले लोणचे, अख्खी कोथिंबीर आणि मिरचीचे काप ठेवा. सोया सॉसचे २ थेंब टाका आणि लगेच खा.

चव बिघडते कुठे?

या सँडविचची गंमत विरोधात आहे: कडक पाव आणि मऊ पाते, गरम टोफू आणि गार काकडी, स्निग्ध मेयोनेज आणि आंबट लोणचे. मांस काढल्यावर स्निग्धता आणि खारटपणा कमी होतो, म्हणून पाते आणि मेयोनेज दोन्ही ठेवावीत. नेहमीचा मऊ लादी पाव वापरला तर तो लोणच्याच्या पाण्याने लगेच लगदा होतो. लोणचे न पिळता घातले तरी हेच होते. टोफूऐवजी पनीर चालते, पण ते मसाला कमी शोषते, त्यामुळे काप पातळ करावेत.

पर्याय आणि साठवण

कांदा-लसूण नको असल्यास टोफूत आले वापरा आणि पात्यातून कांदा वगळा. मुळा-गाजरासारखी कंदमुळे चालत नसतील तर त्याच पद्धतीने कच्च्या पपईचे लोणचे करा, आणि मशरूमऐवजी उकडलेले राजमे वाटा. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी पावाबरोबर सोया सॉसकडेही लक्ष द्यावे, कारण बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो.

लोणचे काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये २ आठवडे चांगले राहते. बरणी उघडल्यावर मुळ्याचा उग्र वास येतो, तो खराब झाल्याचा नव्हे. पाते आणि मेयोनेज मात्र ३ दिवसांत संपवावे. डब्यात न्यायचे असेल तर पाव आणि सारण वेगवेगळे न्या आणि खाताना भरा.